काळ्या भुकटीची शिडी

शेडच्या दारात ही गर्दी! फायबरच्या शिड्या बनवणारे आले, विकणारे आले, आणि जन्मात शिडीवर पाय न ठेवलेलेही टाचा उंचावून उभे. मधोमध काजळीबाबा. त्यांनी विटांच्या दोन थप्प्यांवर फायबरची साधी पट्टी ठेवली, वर हातोडा घातला. काड्‌! दोन तुकडे. मग विटा जरा सारख्या करून काळी पट्टी ठेवली. धाड! नुसती थरथरली.

"कार्बनचे सूक्ष्म तंतू! मी ध्यान लावून जागे केलेत! चिमूटभर टाका, लोखंड तोंड लपवील!"

हात जोडले गेले. शेडवाल्या घरचा थोरला मुलगा तर बाबांच्या काळ्या भुकटीची पुडी फोडून बादलीवर वाकलाच.

त्याच्या आईला चैन पडेना. याच शेडमध्ये तीस वर्षं काचेचं कापड रेझिनच्या चिकट रसायनात भिजवून, रोलर फिरवून तिनं घर उभं केलं होतं. आजची शिडी तिच्या धाकट्यासाठी होती. तो वायरमन, उद्या तीच घेऊन विजेच्या खांबावर चढणार. बादलीत हार्डनर पडलेला, रेझिन तापू लागलेलं. थोड्या वेळात त्याचा दगड होणार.

"थांब रे!" ती उठली, बसली, परत उठली. विटांभोवती दोन चकरा मारल्या. "काय हो बाबा, साध्या पट्टीला विटा दोन हात लांब ठेवल्यात, अन् तुमच्या काळीला हातभरच. हिचे एवढे लाड?"

"माई, शंका घेतली की तंतू झोपतात."

"झोपू देत की. हातोडा जागा आहे."

तिनं स्वतः विटा सरकवल्या. आता काळी पट्टी लांबच्या विटांवर, नवी साधी पट्टी जवळच्या. साधी टिकली. काळी एका घावात मोडली, आणि आत बघावं तर बुडबुडेच बुडबुडे.

"साध्या पट्टीत बुडबुडा डोळ्यांना दिसतो, रोलरनं काढता येतो," आई म्हणाली. "या काळ्या रंगाखाली कामचुकारपणा खपतो, एवढाच चमत्कार!"

कॉलेजात शिकणारी नात पुढे आली. "आजी, असे तंतू खरंच असतात, बळही देतात. पण त्यांच्या गुठळ्या होतात, यंत्रानं नीट पसरवावे लागतात. आणि साध्या फायबरमधून वीज जात नाही, पण हे नीट पसरले की त्यांच्यातून जाऊ शकते."

सगळ्यांच्या माना धाकट्याकडे वळल्या.

"म्हणजे भुकटी खोटी असली तर शिडी मोडणार, अन् खरी असली तर पोरगा तारेला चिकटणार! बाबा, याला कोणतं ध्यान लावायचं?"

बाबांनी पिशवी उचलली नि गर्दीतून वाट काढली. थोरला पुडी मुठीत दाबून खाली बघत राहिला.

"मान काय खाली घालतोस? रोलर घे, रेझिन थांबणार नाही तुझ्यासाठी!"

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी जरा वाकून खालच्या विटा बघाव्यात. त्याला शाळा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं नवी शिडी खांद्यावर घेतली. "आई, तू केलीयस म्हणजे बघायलाच नको."

"ठेव खाली," ती कडाडली. "आधी तिच्यावर वजन टाकून बघ. माझ्या शब्दावरसुद्धा चढायचं नाही."