एका शीटचे दोन रंग

माझी ताई शिवणकाम करते आणि मी दुकानांचे बोर्ड करतो. तिच्या नव्या दुकानाचा बोर्ड मी नाही तर कोण करणार? रुपेरी एसीपी आणली, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक भरलेली शीट. एकच आणली, मधोमध कापली आणि दोन्ही पॅनेल दारावर शेजारी शेजारी बसवली.

खाली उतरून पाहतो तर डावं काळपट, उजवं लख्ख!

पुसून पाहिलं. फडक्याला काही लागेना. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, तर डावं लख्ख आणि उजवं काळपट. माझं डोकंच चक्रावलं.

ताईला मात्र कसलंच कोडं पडलं नव्हतं. "उरलासुरला तुकडा खपवलास ना बहिणीच्या माथी?"

"अगं, शप्पथ! एकाच शीटची आहेत दोन्ही."

"कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर शपथा! अक्षरं लावूच नकोस. माझं नाव ठिगळावर नकोय मला."

आणि तिनं बोलणंच टाकलं. इतक्या ठामपणे म्हणाली की मलाच माझी शंका यायला लागली. वर्कशॉपमध्ये तुकड्यांचा ढीग असतोच. गेला असेल का हात चुकून तिकडे? आठवून आठवून थकलो, पण नक्की काही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी डावं पॅनेल काढलं आणि खाली आणताना हातात फिरलं. मशीनवरून ताई ओरडली, "थांब! तसंच उलटं धर."

धरलं. वर राहिलेल्या उजव्या पॅनेलशी रंग तंतोतंत जुळला.

"मखमल आहे मेली! एक बाही उलट्या लवेची लागली की गिऱ्हाईक म्हणतं, कापडच वेगळं."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. शीटवर चिकटवलेल्या संरक्षक प्लास्टिक फिल्मवर चमकेची दिशा दाखवणारे बाण असतात. सगळे बाण एका दिशेला ठेवून पॅनेल बसवायची आणि फिल्म शेवटी काढायची. पण मी बसवली तेव्हा फिल्म होतीच कुठे?

"फिल्म कोणी सोलली गं?"

ताई गोरीमोरी झाली. "तू वर भोकं पाडत होतास. मला धीरच निघेना. आणि तू तरी पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. हाताला आलं तसं बसवून मोकळा झालो होतो.

पॅनेल फिरवून लावलं. मी तिच्या नावाची अक्षरं चिकटवत होतो, ती खाली शिडी धरून उभी होती.

"मला खरंच वाटलं, तू फसवलंस मला," ती हळूच म्हणाली.

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," मी वरूनच म्हणालो. "तू म्हणालीस ना, म्हणून."