मान

मेडिकलच्या पहिल्या वर्षात दिव्यानीने सगळ्यांना सांगितलं होतं, की आई तापाने गेली. खरं म्हणजे एप्रिलात मोहर्लीजवळच्या जंगलात मोहफुलं वेचताना आईला वाघाने धरलं होतं, आणि नाल्यात सापडलेला देह ओळखायला बापासोबत दिव्यानीही गेली होती. पुढच्याच महिन्यात तिने नीटची प्रवेश परीक्षा दिली. चंद्रपुरात नंबर लागला. पाठ करायचं, झोपायचं, उठून पुन्हा पाठ करायचं. डोकं रिकामं राहू द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. सुरुवातीला मार्कही चांगले पडले.

शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये हात, पाय, पोट निभावलं. मग शवाची मान उघडायची पाळी आली. ॲनाटॉमीच्या मॅडमनी हनुवटीखाली छेद देऊन कातडी मागे सारली आणि दिव्यानी टेबलापाशी कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा मागे कोणीतरी हसत होतं. त्यानंतर ती हॉलमध्ये जाईनाशी झाली. मानेतल्या धमन्या व्हिडिओ पाहून घोकल्या, लेखी पेपर नीट लिहिला. पण प्रॅक्टिकलला परीक्षकांनी मानेत चिमटा ठेवून "ही कोणती?" विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. बाकी विषय सुटले, ॲनाटॉमी राहिली.

निकालाच्या दिवशी रुबीनाने खोलीचं दार लावून घेतलं. भद्रावतीच्या टेलरची ही मुलगी तिची रूममेट होती.

"तुले तं सगळं येते. मंग अडते कुठी?"

दिव्यानीने सांगितलं. आईची मान कशी दिसत होती, तेही सांगितलं.

रुबीना रडायला लागली. "सालभर एका खोलीत राहून राह्यलो आपण. मले बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तं इथी राहताच आलं नसतं मले."

रविवारी तिचा बाप, दादाजी, भेटायला आला. तो जंगल सफारीची जिप्सी चालवायचा. बायको गेल्यावरही पर्यटकांना वाघ दाखवणं त्याने सोडलं नव्हतं. दिव्यानीच्या मनातला राग त्या दिवशी बाहेर आला.

"त्याच जंगलात तुमी रोज कसे जाता, बाबा?"

"दुसरं काम कुठी हाये? पयल्या दिवशी गाडी थांबवून उलटी केली. पाहुण्यायले वाटलं, ड्रायवर पिऊन हाये." तो खाली पाहत म्हणाला, "आता नाला आला का मी दुसरीकडं पाहतो."

"मंग बरं कधी वाटते?"

"मले तं अजून नाई वाटलं."

त्याचा हात धरावा असं तिला वाटलं. तिने धरला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली आणि खरं काय ते बोलली. मॅडमनी दुपारी हॉल उघडून द्यायचं कबूल केलं. पहिल्यांदा ती दारातूनच परतली. नंतर रुबीनाने शवाचा चेहरा फडक्याने झाकला आणि शेजारी उभी राहून एकेक विचारू लागली. दिव्यानी बोट ठेवून नावं सांगायची, डोळ्यांतून पाणी गळत असायचं. रोज तसंच.

पुरवणी परीक्षेत ती काठावर पास झाली. बापाचा फोन लागत नव्हता, तो जंगलात होता. संध्याकाळी त्यानेच केला.

"झाली का पास?"

"झाली."

 पलीकडून बापाचं रडणं ऐकू आलं. नाल्यावर तो रडला नव्हता, घरीही नाही. दिव्यानी फोन कानाला धरून जिन्यावर बसून राहिली.