मागच्या खोलीचा कोपरा

मास्तरांच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी यायचं, मग चहा, आणि मग मास्तर त्याला मागच्या खोलीत नेऊन भिंतीची भेग दाखवायचे.

"आमच्या मेहुण्यांची कलाकुसर," म्हणायचे. "दोन बोटं जातात. घाला, घाला, लाजू नका."

पाहुणा बिचारा दोन बोटं घालायचा. काय करणार! चहा पिऊन झालेला असायचा.

हे सगळं फिरून मिस्त्रीच्या कानावर यायचंच. मिस्त्री म्हणजे तेच मेहुणे, मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. त्याने बांधलेली तीस-पस्तीस घरं आसपास ताठ उभी होती, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बोलणं व्हायचं ते या एका घराचं. अकरा वर्षांपूर्वी बहिणीचं घर त्यानेच बांधायला घेतलं, आणि पायाचं काम चालू असतानाच त्याचं नि मास्तरांचं वाजलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. समोरासमोर बसले तरी तिसऱ्या माणसामार्फत बोलायचे, आणि तिसरं माणूस म्हणजे बहुतेक वेळा ताई.

"त्यांना म्हणावं, चहा गार होतोय," मास्तर म्हणायचे.

"त्यांना सांग, मला दिसतोय," हातभर अंतरावर बसलेला मिस्त्री म्हणायचा.

भांडण झालं होतं ते जमिनीवरून. म्हणजे जमीन कुणाची यावरून नव्हे, जमीन कशी आहे यावरून. त्या सगळ्या वस्तीखाली काळी चिकण माती. पाणी प्यायली की फुगते आणि वरचं घर उचलते. उन्हाने आटली की आकसते आणि घराला खाली सोडते. वर्षभर हाच खेळ. तिच्यावर पाया ठेवायचाच नाही. तिच्या खाली छातीएवढं उतरलं की तांबूस, खडबडीत मुरूम लागतो, तो फुगत नाही की आकसत नाही, त्याच्यावर ठेवायचा. पण ही माती मोठी लबाड. कोरड्या दिवसांत ती अशी कडक होते की पहार मारली तर खणकन वाजते, आणि नवखा माणूस म्हणतो, अरे लागला की खडक!

मास्तर तसेच म्हणाले होते. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात पायाचा चर कमरेएवढा खोल झाला होता, पहार खणखणत होती, आणि मास्तर काठावर उभे राहून म्हणाले, "झालं की आता. माझ्या घराखाली विहीर खणताय का?"

"मास्तर, तुम्ही पोरांना शिकवा. मला शिकवू नका."

"अडाण्याच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही," मास्तर म्हणाले. चार गडी ऐकत होते.

अडाणी! मिस्त्रीच्या डोक्यात तिडीकच गेली. गड्यांना "मुरमापर्यंत उतरा" एवढं सांगून त्याने थापी पिशवीत कोंबली आणि तो निघून गेला. तीन दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा गडी काम संपवून गेले होते, चारही बाजूंचे चर भरले होते, वर दगड एका पातळीत बसवलेले होते. त्याने भिंत उचलायला घेतली, घर पुरं केलं, आणि पुढच्याच कोरड्या दिवसांत मागच्या खोलीच्या कोपऱ्यातून खिडकीपासून छतापर्यंत भेग चढली. ओल आली की ती मिटायची आणि दार अडकायचं. ऊन वाढलं की दार सुटायचं आणि भेग उघडायची.

त्याला भेगेपेक्षा जास्त काय डाचत असेल तर ती खाट. ताईची खाट त्याच कोपऱ्यात, बरोबर भेगेखाली. घरात दुसरी धड खोली असताना बायकोला मोडक्या भिंतीखाली झोपवणारा माणूस! आणि वर लोकांना बोटं घालायला लावतो. मिस्त्री मनात मास्तरांना अशा शिव्या द्यायचा की मास्तरांना त्यातल्या निम्म्या कळल्याही नसत्या.

पुढेही हे असंच चाललं असतं. पण वाचनालयाची नवी इमारत निघाली. जागा त्याच काळ्या मातीवर, समितीचे अध्यक्ष मास्तर, आणि काम मागायला मिस्त्री. एवढं मोठं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं. पाठ दुखायला लागली होती, आता नाही तर कधीच नाही हे त्याला कळत होतं. सभेत त्याचं नाव निघताच मास्तर छताकडे बघत म्हणाले, "ज्याला सख्ख्या बहिणीचं घर धड बांधता आलं नाही, त्याच्या हातात वाचनालय द्यायचं? द्या. पुस्तकं जरा कडेला ठेवा म्हणजे झालं."

सभा खदाखदा हसली. मिस्त्री उठला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"पाया उकरा," तो खुर्च्यांना उद्देशून म्हणाला. "घरात बसून भेगा काय दाखवता, पाया उकरून बघा. मुरमावर नसेल तर थापी खाली ठेवतो. परत हातात धरणार नाही."

"आणि असेल तर," मास्तरांनी छताला सांगितलं, "मी याच सभेत माफी मागेन."

समितीने एक इंजिनिअर बाई नेमल्या होत्या. बोलायला कमी, लिहायला जास्त. त्या रविवारी सकाळी टेप आणि वही घेऊन आल्या, सोबत खणणारे दोघे. पाहुण्यांना भेग दाखवताना असायचा तसाच मास्तरांचा चेहरा खुलला होता. मिस्त्री पिशवी खांद्याला लावून कुंपणाशी उभा. ताई एकदा दारात आली, दोघांकडे बघितलं आणि आत गेली.

पहिला खड्डा समोरच्या दाराशी घेतला. छातीएवढं गेल्यावर माती बदलली. तांबूस मुरूम, त्याच्यावर पायाचा दगड चपखल बसलेला. बाईंनी टेप लावली, आकडा लिहिला.

"बाई, त्यांना सांगा," मिस्त्री म्हणाला, "चष्मा पुसून नीट बघायला."

"त्यांना सांगा, घराला चार बाजू असतात," मास्तर म्हणाले.

दुसरा खड्डा बाजूच्या भिंतीला. तिथेही छातीएवढा, तिथेही मुरूम. मास्तरांचा चेहरा जरा उतरला. मिस्त्रीला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! अकरा वर्षांचं ओझं उतरत होतं, आणि ते मास्तरांच्या डोक्यावर चढताना त्याला डोळ्यांनी दिसत होतं. माफी मागताना हा माणूस कुठे बघेल, छताकडे की जमिनीकडे, याचासुद्धा त्याने विचार करून ठेवला.

"आता मागचा कोपरा," मास्तर म्हणाले.

"खणा की! द्या इकडे ती कुदळ!"

त्याने स्वतःच खणायला घेतलं. वाढत्या उन्हात घामाघूम होत कमरेएवढा उतरला. पायाचा दगड तिथेच संपला. त्याच्या खाली कुदळ घातली आणि पातं मऊसर काहीतरी कापत आत गेलं. त्याने हाताने ओढून काढलं. काळी माती. वरची कोरडी होती, पण घराखालची ओल धरून बसलेली, बोटांना चिकटणारी. चिमूटभर तळव्यावर वळली तर तिची वात झाली. मुरमाची वात कधी होत नाही.

बाई वाकल्या, बघितलं, लिहिलं.

मास्तर हसले. मनापासून, पोट धरून. "बाई, त्यांना विचारा, मुरूम काळा कधीपासून झाला?"

"बाई, त्यांना विचारा," खड्ड्यातून मिस्त्री ओरडला, "मी नव्हतो त्या तीन दिवसांत ही घाण कुणाकडून भरून घेतली! मी काळी माती परत चरात टाकत नाही. कधीच नाही!"

"त्यांना सांगा, ते तीन दिवस मी परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होतो. शाळेचं हजेरीपुस्तक दाखवू का?"

"मग भरली कुणी? भुताने?"

"मी," मागच्या दारातून ताई म्हणाली.

हातात चहाचा ट्रे होता. तो तिने पायरीवर ठेवला, आणि पदराला हात पुसत राहिली.

"आभाळ भरून आलं होतं. तू रुसून गेलेला, हे गावाला गेलेले. गडी विचारायला लागले, कोपरा अजून खणायचा की भरायचा? म्हटलं, खोल गेले तर हे परत भांडणार, नाही गेले तर तू. चरात पाणी भरलं तर दोघं मिळून माझ्या नावाने खडे फोडणार. सांगितलं, जी माती पडलीय ती लोटा आत आणि वर दगड सारखे करा. सगळीकडे एका पातळीत दिसलं की विषय मिटेल, असं वाटलं मला."

मग दोघंही एकदमच सुटले.

"अगं, तुला काही अक्कल? अकरा वर्षं मी या माणसाला..."

"ताई, तू माझं नाव मातीत घातलंस! गावभर मी चोर ठरलो!"

"बरोबर बोलतोय तो! एक शब्द नाही काढलास तोंडातून!"

"तुम्ही थांबा मास्तर, मला बोलू द्या..."

"तू थांब, माझी बायको आहे ती!"

"माझी बहीण आहे!"

बाईंनी वहीतून मान वर केली. अकरा वर्षांत हे दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी थेट बोलत होते, आणि ते ताईवर ओरडण्यासाठी, हे दोघांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ताईच्या मात्र आलं. ती हसली नाही.

"बारक्या," ती भावाला म्हणाली, "मला वाटलं होतं, तू आल्यावर बघशील. भिंतीचा दगड ठेवण्याआधी तू पायाच्या फटीत पहार मारून बघतोसच. सगळीकडे बघतोस. मी शेजारच्या आपल्या जुन्या बिऱ्हाडाच्या खिडकीत उभी होते. म्हटलं, पहार आत गेली की हा विचारेल, मग सांगून टाकू. तू मारलीच नाहीस रे."

मिस्त्रीला तो दिवस लख्ख आठवत होता. पहार कुंपणाला टेकून उभी होती. समोर जुन्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर मास्तर नुकतेच गावाहून येऊन पेपर वाचत बसलेले. कोपरा पुरा उतरलाय का, एवढंच विचारायचं होतं. पण विचारायचं म्हणजे आपण होऊन त्या माणसाशी बोलायचं. पहार मारली असती तरी मास्तरांनी पेपरावरून बघितलं असतं, आणि म्हणाले असते, का, स्वतःच्याच कामावर भरवसा नाही? त्याने पहारेकडे पाठ केली आणि भिंतीचा पहिला दगड ठेवला.

"मारली होती का?" बाईंनी विचारलं. त्यांचं पेन वहीवर टेकलेलं होतं.

हो म्हणायला काय जात होतं? कुणी बघितलं होतं? ताईने. आणि भाऊ हो म्हणाला असता तर ती गप्प बसली असती. गप्प बसण्याचा सराव तिला भरपूर होता.

"नाही," तो म्हणाला. "नाही मारली. वाचनालयाच्या कागदावरून माझं नाव काढा."

तो खड्ड्यातून वर आला. पिशवीतून थापी काढली, मूठ झिजून गुळगुळीत झालेली, आणि मागच्या खिडकीत ठेवली. मास्तर काहीतरी झोंबणारं बोलणार होते, त्यांचे ओठही हलले. पण मिस्त्री त्यांच्या अंगावरच गेला.

"माझी चूक, कबूल! पण तुम्हाला लाज नाही वाटली? भिंत मोडकी आहे हे माहीत असून बायकोची खाट इथे? अकरा वर्षं?"

"तिला विचार!" मास्तरांचा आवाज फुटला. "पाया पडायचा राहिलोय मी! समोरच्या खोलीत चल म्हणून दर महिन्याला सांगतो. हटत नाही ती. मला वाटायचं, माझ्यावरच्या रागाने."

दोघंही तिच्याकडे वळले.

"माती मी भरली," ताई म्हणाली. "भिंत पडली असती तर दुसऱ्या कुणावर का पडावी?"

बाई खाकरल्या. कोपरा दुरुस्त होईल, त्या म्हणाल्या. भिंतीला टेकू देऊन, एका वेळी हातभर माती काढत मुरमापर्यंत जावं लागेल. पण आजच्या आज ही खोली रिकामी करा. ताई आत गेली आणि खाटेवर मांडी घालून बसली.

"ताई, ऊठ."

"तुमचं दोघांचं ठरू दे आधी, कोण कुठे धरणार ते. मला मध्ये घालू नका. मी आता कुणाचा निरोप कुणाला सांगणार नाही."

मिस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला. खाटेच्या डोक्याकडे गेला. बराच वेळ पायाकडची बाजू मोकळी राहिली.

"भाऊजी," तो शेवटी दात आवळून म्हणाला, "तिकडून धरा."

मास्तरांनी धरलं. ताई उतरली नाही. दोघांनी ती बसलेली खाट तशीच उचलली. दारात वाकड्या झालेल्या चौकटीत खाट अडकली आणि दोघं परत एकमेकांवर खेकसले, जरा तिरकी घे, तुम्ही आधी वर उचला, दिसत नाही का. ताईने दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या.

"मी मेल्यावर उचललंच असतंत तुम्ही मला दोघांनी मिळून," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा जिवंतपणी बघावं."

मग मास्तरांनी आपली बाजू वर घेतली, आणि खाट दारातून बाहेर आली.