आठ गाण्यांची चिठ्ठी

हर्षल आणि कुंदनचा कॉलेजपासूनचा एक येडपटपणा होता. नवा अल्बम आला की दोघांनी तो एका बैठकीत ऐकायचा, मध्ये चकार शब्द काढायचा नाही, आणि संपल्यावर दहापैकी मार्क देऊन आपापलं मत चिठ्ठीवर लिहायचं. मग चिठ्ठ्यांची अदलाबदल. पूर्ण न ऐकता मार्क देणं म्हणजे महापाप. चाळिशी उलटली, बायका हसून थकल्या, पण नेम सुटला नाही.

कुंदन दवाखान्यात होता तेव्हा त्याचा फोन आला. "मोतीराम कुवर म्हणून एक म्हातारा सापडलाय. बहात्तर वर्षांचा. स्वतःच लिहितो, स्वतःच गातो, सोबत नुसती गिटार. नाव ऐकलंयस का कधी? मीपण नाही. रविवारी ये, ऐकू."

"रविवारी सिन्नरला कंपनीत ऑडिट आहे रे," हर्षल म्हणाला. "तू ऐकून चिठ्ठी लिहून ठेव. मी नंतर ऐकतो."

ऑडिट होतं, पण रविवारी नव्हतं. नाकात नळ्या घातलेला कुंदन बघायची त्याची छाती होत नव्हती, एवढंच. मंगळवारी कुंदन गेला.

दहाव्याला गोदावरीवर कुंदनच्या बहिणीने, उज्वलाताईने, घडी घातलेली चिठ्ठी हर्षलच्या हातात ठेवली. "तुला द्यायला सांगितली होती त्याने." चार महिने ती पाकिटात राहिली. अल्बम ऐकल्याशिवाय उघडायची नाही हा नियम होताच, पण खरी गोष्ट वेगळी होती. आपला खोटेपणा कुंदनला कळला असेल आणि तो रुसून गेला असेल, या भीतीने हर्षल आतून पोखरून निघाला होता.

शेवटी एका सकाळी दार लावून त्याने अल्बम लावला. पहिलंच गाणं खोकल्याने सुरू झालं. हर्षल वैतागला. एवढा खोकला काढून टाकता आला नसता का? आवाज जाडाभरडा, तारांवरून बोटं सरकल्याचं कुईकुई ऐकू येत होतं. तिसऱ्या गाण्यात वरचा सूर फाटला आणि म्हातारा स्वतःशीच पुटपुटला, "परत घेऊ का?" मग तसाच पुढे गात राहिला. चौथं गाणं रिकाम्या बाकाचं होतं. स्टेशनवर रोज शेजारी बसणारा माणूस येईनासा झाला, तरी हा आपला अर्धाच बाक अडवून बसतो. तिथून पुढे हर्षलच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही. आठही गाणी संपल्यावर त्याने लिहिलं, "खोकल्यासकट नऊ."

मग कुंदनची चिठ्ठी उघडली. अक्षर पार वाकडंतिकडं झालं होतं.

"तीन ऐकली. म्हातारा भारी आहे. चौथं मुद्दाम लावलं नाही, तू आलास की पुढची ऐकू. घाई नाही, ऑडिट उरकून ये."

खाली मार्कांची जागा कोरी होती. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं, असं हर्षलला वाटलं. स्पीकर कधीच गप्प झाला होता, आणि पुढची पाच गाणी त्याने एकट्यानेच ऐकून टाकली होती.