उलटी बाजू

ती तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. शर्ट हातात आला की आधी उलटा करायचा, कारण चूक दर्शनी बाजूला कधी नसते, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. शिवण उसवलेली दिसली की शर्ट नापास मालाच्या टोपलीत, विषय संपला. "हिच्या नजरेतून काही सुटायचं नाही," असं सासूबाईच चारचौघांत कौतुकानं सांगायच्या. लपवायचं तर निदान दुसऱ्या कुणापासून तरी लपवावं!

बाळंतपणानंतर दवाखान्यात बाळ घट्ट गुंडाळून त्यांनीच तिच्या कुशीत दिलं. "नाक बघ, थेट बापाचं. दुपटं सोडू नकोस हं, गार लागेल." नर्स खिडकीबाहेर बघत राहिली.

तिनं दुपटं सोडलं आणि सवयीनं बाळ पालथं केलं. कमरेवर ओली पट्टी होती आणि पट्टीखाली पाठ मिटलेलीच नव्हती. तिनं तळव्याला गुदगुल्या केल्या. पाय हलला नाही.

"ऑपरेशन केलं तरी पायांत जीव यायचा नाही, म्हणाले डॉक्टर," सासूबाई रडत म्हणाल्या. "जगेल की नाही, तेही सांगत नाहीत. दे इकडे. पाजू नकोस, उगाच जीव लागेल."

तिला टोपली आठवली. आपल्याच हातांची तिला भीती वाटली.

"उशीर झाला, आई," ती म्हणाली आणि तिनं बाळाला कुशीवर वळवून छातीशी घेतलं. ते अधाशासारखं पिऊ लागलं. पाय मात्र ठेवले तिथेच राहिले.