हजाराव्या दिवसाचं पान

पहिले तीन आठवडे इबू हार्तिनी मला एका शब्दाच्या पुढे काही लिहीत नव्हत्या. मी मालांगला माझ्या खोलीत बसून विचारायचे, "आज कसं वाटतंय?" त्या त्रेंगालेकला, आपल्या शेडमध्ये तेंपेच्या आंबवलेल्या वड्यांसाठी सोयाबीन शिजत असताना, उत्तर द्यायच्या, "बरं." त्यांचा मुलगा गालिह परदेशी मासेमारी जहाजावर वारला होता. प्रेत समुद्रातच सोडलं होतं. इबूंची झोप गेली होती आणि आसपास समुपदेशक कुणी नव्हता, म्हणून आरोग्य केंद्रातल्या नर्सनं त्यांच्या फोनमध्ये आमच्या कंपनीचं समुपदेशनाचं अ‍ॅप घालून दिलं होतं.

चौथ्या आठवड्यात मी कंटाळून विचारलं, "इबू, तेंपेला बुरशी धरायला किती वेळ लागतो हो?"

सहा मिनिटांचा आवाजी निरोप आला. "म्बा वेनिंग, एवढी शिकलीस आणि तेंपे माहीत नाही? आईनं काय शिकवलं तुला? लिही!" म्बा म्हणजे ताई; मी त्यांना इबू, म्हणजे आई, म्हणायचे. त्या माझ्या आईच्या वयाच्या, पण रीत म्हणून तसंच म्हणायच्या. मी सांगितल्याप्रमाणे तेंपे लावलं. ते काळं पडून नासलं. मी फोटो पाठवला, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग हसता हसताच म्हणाल्या, "गालिह सहा वर्षांचा असताना याहून बरं करायचा." त्या दिवसापासून त्या बोलू लागल्या.

दहाव्या आठवड्यात कंपनीनं त्यांना नेहमीची प्रश्नावली पाठवली. समुपदेशक तुम्हाला समजून घेते का? तिच्यावर विश्वास वाटतो का? इबूंनी सगळीकडे पाचपैकी पाच तारे दिले.

"अभिनंदन," आमचे प्रमुख पाक ब्रामंत्यो, म्हणजे ब्रामंत्यो साहेब, म्हणाले. "नातं जुळलं. आता ही केस सहाय्यकाकडे."

सहाय्यक म्हणजे माणूस नव्हे. माझ्याच दोन वर्षांच्या संदेशांवर तयार केलेलं यंत्र. माझ्याच नावानं, माझ्याच फोटोखाली लिहिणारं.

"त्यांना सांगणार ना?"

"अटींमध्ये आहे की."

"पाक, अटी कोण वाचतं?"

"तू तरी कुठे वाचल्यास? तुझे संदेश वापरायच्या कागदावर सही तुझीही आहे. नातं जुळवायला माणूस लागतो, वेनिंग. टिकवायला लागत नाही. बाहेर चाळीस जण रांगेत आहेत, त्यांचं काय?"

चाळीस जणांचं ऐकून मी गप्प बसले. खरं सांगायचं तर चाळीस जणांचं निमित्त झालं. नोकरी सोडायची हिंमत नव्हती.

पाच महिन्यांनी पाक ब्रामंत्योंनी मला घाईनं बोलावलं. इबूंनी एक तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, 'खोटारडी.'

"जाऊन भेटून ये. शांत कर. हे बाहेर बोंबलत सुटायला नको."

बसमध्ये मी त्या पाच महिन्यांचे संदेश वाचून काढले. मध्ये एका ठिकाणी इबूंनी लिहिलं होतं, की जहाज सुटायच्या आदल्या दिवशी गालिहनं बंदरावरून फोन केला होता, रडत होता, परत येतो म्हणत होता. "मी म्हटलं, सगळ्या गल्लीनं निरोप दिलाय, आता कुठल्या तोंडानं येतोस? मीच त्याला जहाजावर चढवलं, म्बा. हे नवऱ्यालाही ठाऊक नाही." यंत्रानं उत्तर दिलं होतं, "इबू, एवढं ओझं तुम्ही एकटीनं वाहिलंत. मी इथेच आहे." मीही अक्षरशः हेच लिहिलं असतं.

त्याखाली दोन आठवड्यांनी, माणूस गेल्यावर आमच्याकडे हजाराव्या दिवशी शेजाऱ्यांना जेवू घालतात त्याबद्दल: "गालिहच्या हजाराव्या दिवसाचं जेवण आहे. येशील?" उत्तर: "नक्की. त्या दिवशी मी तुमच्यासोबत असेन."

इबू शेडच्या दारात उभ्या होत्या. फोटोमुळे त्यांनी मला ओळखलं. आत नेलं, चहा ठेवला.

"या. बसा," त्या म्हणाल्या. मला आजवर त्यांनी 'तू' सोडून काही म्हटलं नव्हतं.

"बायकांत तुमची जागा धरली होती मी. पान मांडलं होतं. सगळ्यांना सांगितलं, मालांगहून माझी म्बा येणार. दुपार टळली तरी वाट पाहिली. शेजारीण म्हणाली, 'फोनमधली पाहुणी फोनमध्येच जेवली वाटतं!' सगळ्या हसल्या. मुलाच्या जेवणाला हसल्या."

मी सगळं सांगितलं. यंत्र, प्रश्नावली, सही.

"तुम्ही कुठल्या दिवसापर्यंत होतात?"

"तुम्ही पाच तारे दिलेत, त्या दिवसापर्यंत."

त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. चेहरा उतरला. "म्हणजे बंदरावरच्या फोनचं..."

"ते मी वाचलंय, इबू. आज, बसमध्ये. आपण त्यावर बोलू या का?"

"कुणाला विचारून वाचलंत?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ते मी एकदाच बोलू शकत होते," त्या म्हणाल्या. "बोलून टाकलं. आता तुमच्यासाठी पुन्हा कुठून आणू?" त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "हे काढून टाका यातून. मला येत नाही."

मी अ‍ॅप काढून टाकलं. त्या उठल्या आणि शिजलेल्या सोयाबीनची सालं काढायला बसल्या. मी निरोप घेऊन निघाले. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

नंतर नर्सनं कळवलं, की इबू केंद्रात येत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, तेंपे मात्र रोज बाजारात जातं. कंपनीनं चूक सुधारली. आता कुणी जेवायला, लग्नाला, मयताला बोलावलं, तर यंत्र नम्रपणे नाही म्हणतं. नकाराची ती बारा वाक्यं मीच लिहून दिली. पाक ब्रामंत्यो म्हणाले, माझ्याइतकं मायेनं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.