नारळपाण्याचा बर्फ

स्वप्नाली पिकअपच्या पुढच्या टायरवर चढली, दोन्ही हातांनी वायपर धरला आणि ओढला. वायपर जागचा हलला नाही. आज तो हलला, तर तिच्या पदरात बरंच काही पडणार होतं. आधी ड्रायव्हिंग टेस्ट, टेस्टमागून लायसन्स, लायसन्समागून किलकेनीच्या हॉस्पिटलातली लॅबची नोकरी. तिथली सकाळची पाळी ॲबीलीक्समधून, आयर्लंडमधल्या त्यांच्या छोट्या गावातून, पहिली बस सुटायच्या आत सुरू व्हायची. आणि सगळ्यात शेवटी, ‘यशोधन, मला जरा सोडतोस का?’ हे वाक्य जिभेवरून कायमचं उतरणार होतं. ही शेवटची बाब तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. पण आत्ता हातांत आलेला जोर नोकरीचा नव्हता, त्या वाक्याचा होता.

“अगं ओढू नकोस! रबर फाटेल!” तिचा नवरा दारातून ओरडत आला. एका पायात बूट, दुसरा हातात.

“मग काय करू? आरती ओवाळू?”

“ती काल झाली,” यशोधन म्हणाला आणि बूट घालायला वाकला.

काल संध्याकाळी खरोखरच झाली होती. यशोधनची आई, पद्मिनीबाई, दिवाळीनंतर नागपूरहून आल्या होत्या. आल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद होतं, की एवढी मोठी गाडी दारात उभी आहे आणि तिला साधं कुंकूसुद्धा लागलेलं नाही. अखेर काल टेस्टच्या आदल्या दिवशी मुहूर्त लागला. काच धुतली, बॉनेटला कुंकवाची बोटं लावली, नारळ फोडून त्याचं पाणी काचेवरून ओतलं, वर तांब्याभर साधं पाणीही सोडलं. ते सगळं ओघळून वायपरच्या मुळाशी साचलं आणि पहाटे गोठलं. सबंध अंगणात गोठलेल्या दवाचा कडक पांढरा थर पडला होता. काचेवरचा बर्फ स्वप्नालीने सुपरमार्केटच्या कार्डाने खरवडून काढला, पण दोन्ही वायपर साखरेच्या पाकात बसवल्यासारखे घट्ट होते.

वायपर चालत नसतील तर टेस्ट घेणारी बाई गाडीत बसतसुद्धा नाही, थेट घरी पाठवते, हे स्वप्नालीला पाठ होतं. पुढची तारीख मिळेपर्यंत उन्हाळा आला असता, आणि लॅबची खुर्ची तोवर तिची वाट पाहत रिकामी राहिली नसती.

“बर्फ वितळवायच्या डी-आयसरचा डबा कुठे आहे?”

“संपला. मागवलाय. गुरुवारी येईल.”

“गुरुवारी! वा! मी टेस्टवालीला सांगते, बाई, गुरुवारपर्यंत चहा घ्या.”

यशोधनने इंजिन सुरू करून गरम हवा काचेवर सोडली. डिझेलचं इंजिन, तापायला त्याचा त्याने वेळ घेतला. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात यशोधन क्वालिटी बघायचा. काही बिघडलं की दुरुस्तीच्या आधी ते का बिघडलं हे शोधायचं, ही त्याची रोजची भाकरी. तो वायपरपाशी वाकून म्हणाला, “गरम हवा इथवर पोचतच नाहीये. पाणी खालच्या खाचेत साचलंय. आई, इतकं पाणी ओतायला तुला सांगितलं कुणी?”

पद्मिनीबाई दारात उभ्या होत्या. अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल, हातात वाफाळती केटली. त्यांनी मुलाकडे पाहिलं. क्षणभर काहीतरी बोलतील असं वाटलं, पण त्या केटली घेऊन पायरी उतरल्या.

“सरका,” त्या आपल्या नागपुरी बोलीत म्हणाल्या. “हे सोडतो वरून, मोकळं होते.”

“आई, नको!” नवरा-बायको एका सुरात ओरडले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं एकमत.

“काच तडकेल,” स्वप्नाली म्हणाली. आवाज जरा चढलाच होता. “आधीच काय कमी झालंय का पाणी ओतून?”

पद्मिनीबाईंनी केटली खाली ठेवली. शेजारचा फिंटन कुत्र्याला फिरवून परतत होता, तो फाटकाशी थांबला. यशोधनच्याच कारखान्यात तो सुपरवायझर होता.

“शी’ज फ्रोझन सॉलिड, इज शी?” त्याने विचारलं. त्याच्या लेखी पिकअप बाईच होती.

“कोकोनट वॉटर,” स्वप्नालीने उत्तर दिलं.

फिंटनने थोडा विचार केला. “ग्रँड,” तो म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन पुढे गेला. एखाद्या गोष्टीत पडायचं नसलं की इथली माणसं असंच म्हणतात.

स्वप्नालीने पुन्हा वायपरला हात घातला. यशोधनने तिचं मनगट धरलं. तेवढ्यात पद्मिनीबाईंनी शालीच्या आतून आपली शेकायची रबरी पिशवी काढली. गुडघ्यांसाठी आणलेली ही पिशवी त्या दिवसभर अंगाशी बाळगायच्या. थंडीने त्यांना या देशात दुसरं काही जवळ करूच दिलं नव्हतं. शाल काढून त्यांनी पिशवीभोवती गुंडाळली आणि ते गाठोडं वायपरच्या मुळाशी, काचेवर आडवं ठेवलं, तान्ह्या पोराला निजवावं तसं.

“आता कोणी हात लावू नका.”

“आई, तुम्ही गारठाल.”

“गारठू दे. तू पिशवीकडे पाह्य.”

तिघं पिशवीकडे बघत उभी राहिली. आधी काहीच होईना. मग काचेच्या कडेवरून एक थेंब निघाला, त्याच्या मागे दुसरा, आणि खाचेतून बर्फाचा बारीक चुरा सुटू लागला. स्वप्नालीने श्वास रोखला. टकन आवाज झाला आणि वायपर तिच्या बोटांनी अलगद वर उचलला गेला.

“सुटला!” ती टायरवरून उडी मारून खाली आली. “आई, सुटला! दुसऱ्याला लावा, दुसऱ्याला!”

दुसरा लवकर सुटला. यशोधनने कळ फिरवली आणि दोन्ही वायपर काचेवर डुलत निघाले, मागे चिकट नारळपाण्याची पुसट कमान ठेवत. स्वप्नालीने टाळ्या वाजवल्या. पद्मिनीबाईंनी पिशवी परत पोटाशी घेतली आणि कुणी विचारायच्या आत मागच्या सीटवर चढून बसल्या.

“आई, तू कशाला? तिथे थंडीत बसावं लागेल.”

“मी येतो,” त्या म्हणाल्या. नागपूरच्या बाईने ‘मी येतो’ म्हटलं की तो विषय तिथे संपतो.

एव्हाना वेळ इतका थोडा उरला होता की पोर्टलीशच्या टेस्ट सेंटरचा रस्ता स्वप्नालीने दातओठ खाऊन कापला. यशोधन शेजारी बसून सूचना देत होता. गिअर, आरसा, बर्फ, सायकलवाला. ही पिकअप त्याने वर्षभरापूर्वी एका शेतकऱ्याकडून घेतली होती, आणि त्यासाठी स्वप्नाली जिच्यावर शिकत होती ती छोटी लाल गाडी विकली होती. पिकअपची त्याला गरज काय, हे कुणालाच कळलं नव्हतं. मागच्या हौद्यात आजवर चढलेला सगळ्यात जड माल म्हणजे बासमतीची पोती. पण या गाडीतून जाताना समोरून येणारे शेतकरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून त्याला ओळख द्यायचे. लाल गाडीत हे कधी झालं नव्हतं. आता लॅबची नोकरी लागली, की सकाळी ही गाडी किलकेनीला जाणार आणि यशोधन फिंटनच्या गाडीत, कुत्र्याच्या केसांवर बसून, हर्लिंगच्या, इथल्या त्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, गप्पा ऐकत कारखान्याला. हे त्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं. ते त्याने बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

समोरून एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने स्वप्नालीकडे पाहून बोट उचललं. तिचं लक्ष नव्हतं, ती रस्ता बघत होती. शेजारच्या सीटवर, मांडीवर ठेवलेल्या हाताचं एक बोट मात्र आपोआप वर झालं. मागे बसलेल्या पद्मिनीबाईंनी ते पाहिलं.

सेंटरवर पोचले तेव्हा अगदी ऐन वेळ झाली होती. टेस्ट घेणारी उंच बाई पिवळं जाकीट घालून बाहेर आली. तिने दिवे बघितले, टायर बघितले, मग वायपर लावायला सांगितलं. वाट बघायच्या खोलीच्या खिडकीतून यशोधन आणि पद्मिनीबाई श्वास धरून पाहत होते. वायपर चालले. बाईने काचेवरच्या चिकट कमानीला बोट लावलं, वास घेतला, स्वप्नालीला काहीतरी विचारलं. स्वप्नालीने काहीतरी सांगितलं. बाई हसली आणि आत बसली. पिकअप फाटकातून बाहेर पडली.

“निघाली,” यशोधन म्हणाला.

“हाव, निघाली.” पद्मिनीबाई हीटरला पाठ लावून बसल्या. “तुले काऊन घाम आला?”

“टेन्शन. तिचं.”

“तिचं.” त्यांनी मान हलवली. मग जराशाने, सहज विचारावं तसं म्हणाल्या, “महिनाभर मी म्हणून राह्यली होती, गाडीची पूजा करू. तू म्हणे, आई, इथे असलं काही करत नसतात. काल संध्याकाळी मोबाइल पाह्यला अन् एकदम म्हणे, चल, आत्ताच करू.”

यशोधन बुटाची नाडी बांधायला वाकला.

“मी म्हणलं शिंतोडे पुरे. तू म्हणे, सढळ हातानं घाल. दुसरा तांब्या तूच भरून आणला.” त्या बोलत होत्या ते भिंतीवरच्या रस्त्याच्या खुणांच्या तक्त्याकडे पाहून. “मोबाइलात काय होतं रे?”

“हवामान,” तो म्हणाला.

“काय म्हणे हवामान?”

“रात्री बर्फ होणार म्हणे.” त्याने हातमोजा काढला, पुन्हा घातला. “आई, मी मुद्दाम नाही केलं.”

“मी कुठं म्हणलं मुद्दाम?”

“म्हणजे, तेव्हा माझ्या मनात…” तो थांबला. कारण शोधणं हा ज्याचा धंदा, त्याला हे कारण अर्ध्यावरच सोडावंसं वाटलं. “स्वप्नालीला सांगणार आहेस?”

“मी कायले सांगू? पूजा मी केली, पाणी मी ओतलं. सकाळी तूच तं सांगितलं तिले.”

एवढं बोलून त्यांनी शाल डोक्यावरून ओढली आणि डोळे मिटले. यशोधन उठून खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. वाट पाहणारा नवरा समजून कुणीतरी त्याला धीर द्यायला “शी’ल बी ग्रँड” म्हणालं. तो हसल्यासारखं हसला.

पिकअप फाटकातून आत वळली ती नीट, सावकाश, दोन रेघांच्या बरोबर मधे उभी राहिली. स्वप्नाली आणि ती उंच बाई आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. दार उघडलं. स्वप्नालीच्या हातात कागद होता आणि ती चालत नव्हती, पळत होती.

“पास! पास, पास, पास!”

तिने आधी सासूला मिठी मारली, शालीसकट, पिशवीसकट. पद्मिनीबाईंचा तोल गेला आणि दोघी हीटरवर पडता पडता वाचल्या. खोलीतले सगळे टाळ्या वाजवू लागले. “राउंडअबाउटवर माझा पाय असा थरथरत होता! आणि ती मला विचारते, काचेवर हे काय? मी म्हटलं, माझ्या सासूचा आशीर्वाद. खरं तेच सांगितलं!”

बाहेर येऊन तिने स्वतःच्या नखांनी गाडीच्या पुढची-मागची शिकाऊ चालकाची ‘एल’ पाटी सोलून काढली, फाडली आणि मोठ्याने हसली. थंडीत तिच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. मग ती ड्रायव्हरच्या दाराशी थांबली आणि यशोधनकडे किल्ली धरली. सवयीने.

यशोधनने किल्लीकडे पाहिलं. मग आईकडे. पद्मिनीबाई मागचं दार उघडण्यात गुंतल्या होत्या.

“ठेव तुझ्याचकडे,” तो म्हणाला. “रोज तूच ने किलकेनीला. मी फिंटनबरोबर जाईन.”

“खरंच?” स्वप्नालीचे डोळे भरून आले. “अरे, पण ही तुझी… तुला किती…”

“खरंच.”

“बघा आई!” ती मागे वळून ओरडली. “सकाळपासून हा माझ्यासाठी धडपडतोय, आणि आता गाडीसुद्धा! असा नवरा कुठे मिळतो का?”

“नाही मिळत बाप्पा,” पद्मिनीबाई म्हणाल्या.

गाडी रस्त्याला लागली. आता यशोधनच्या सूचना बंद होत्या. स्वप्नाली गुणगुणत होती, आरशात बघत होती, पुन्हा गुणगुणत होती. गावाबाहेर आल्यावर तिला काहीतरी आठवलं.

“आई, सकाळी मी तुम्हाला जरा तोडून बोलले. पण खरं सांगू, पुढच्या वेळी एवढं पाणी नका ना ओतू. आज थोडक्यात वाचलो आपण.”

यशोधनने तोंड उघडलं. मागून एक हात पुढे आला आणि त्याच्या खांद्यावर टेकला, नुसता टेकला.

“चुकलं माझं, पोरी,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “थंडीचं ध्यानातच नाही आलं मले.”

स्वप्नाली हसली, तिने माफ करून टाकलं आणि गिअर बदलला. दुपार व्हायच्या आत त्या एका गाडीतून एकीने लायसन्स घरी नेलं आणि एकाने चांगला नवरा म्हणून नाव. ते नाव घेऊन तो घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. चूक तेवढी उरली होती. ती मागच्या सीटवरच्या बाईंनी आपल्या नावावर करून घेतली होती.